आवाज येतोय का?

(सदर : मदिनत खलीफातून)



गेल्या वर्षी या पानावर मी आमच्या गच्चीतल्या कढीपत्त्याची गोष्ट लिहिली होती. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात निम्मे लोक माझ्याआधी कढीपत्त्याची विचारपूस करतात. म्हणून आधीच सांगून टाकते, तो बरा आहे. उन्हाळ्यात पार खराटा झाला होता, आता पुन्हा फुटलाय. यंदा मात्र मला दुसऱ्याच एका गोष्टीबद्दल लिहायचंय. त्यात माझी एक चूक आहे, आणि ती चूक मंडळातल्या बऱ्याच जणांनी पाहिली असूनही कुणाच्या लक्षात आलेली नाही. लक्षात आली ती फक्त माझ्या सासूबाईंच्या.

गोष्ट फेब्रुवारीतली. मराठी भाषा गौरव दिन, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, २७ तारखेला असतो. यंदा तो गुरुवारी आला. आपण आपल्या सोयीनं शुक्रवार धरला, २८ फेब्रुवारी २०२५. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळून (३ ऑक्टोबर २०२४) जेमतेम पाच महिने झाले होते. त्याच आठवड्यात, २१ ते २३ फेब्रुवारीला दिल्लीत ९८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं, ताराबाई भवाळकर अध्यक्ष. त्यामुळे सगळ्यांच्याच अंगात थोडं साहित्य आलं होतं. समितीच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, ‘‘आपणही वाचन ठेवू. पण नेहमीच्या यशस्वी कलाकारांचं नको. ज्यांनी आजवर चारचौघांत कधीच काही वाचलं नाही, त्यांचंच ठेवू.’’

मग ‘कुठे ठेवायचं’वर चहाचे दोन कप झाले. हॉल घेतला तर येणार कोण? दोहात राहणारे, गाडी असणारे. दुखान आणि अल खोरचे लोक येतीलच असं नाही. इंडस्ट्रियल एरियातल्या मुलांना बसची वेळ गाठायची असते. शिवाय कतार सोडून न्यू जर्सीला किंवा पुण्याला गेलेले आपले जुने सभासद आहेतच. शेवटी ठरलं ते ऑनलाइन. ‘‘पुन्हा ते झूम?’’ म्हणून दोघा-तिघांनी कपाळाला हात लावला, आणि त्यांचंही बरोबर होतं. २०२०च्या ९ मार्चला भारतातून येणाऱ्यांना कतारनं दार बंद केलं, पाठोपाठ शाळा बंद झाल्या, आणि पुढचं वर्षभर आपण हळदीकुंकवापासून बारशापर्यंत सगळं त्या चौकोनांमध्ये केलं. त्याचा वीट येणं साहजिक आहे. पण तेव्हा आपण ऑनलाइन जमत होतो, कारण दुसरा इलाज नव्हता. या वेळी कारण वेगळं होतं. ज्यांना एरवी येता येत नाही, त्यांना आत घ्यायचं होतं.

सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. मी पूर्वी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका शाळेत सहा वर्षं मराठी शिकवत होते, एम.ए. मराठी आहे, आणि सध्या घरीच असते, असे तीन गुण एका व्यक्तीत सापडल्यावर समिती आणखी कुणाला शोधणार? मीही आनंदानं हो म्हटलं. खरं सांगायचं तर दोहाला आल्यापासून कुणी मला ‘बाई, हे जरा बघता का’ म्हणालं नव्हतं. ते वाक्य ऐकायला मी किती आसुसले होते, हे त्या महिन्यात कळलं.

व्हॉट्सअॅपवर आवाहन टाकलं आणि एकतीस जणांचं लेखन आलं. टाइप केलेलं, वहीच्या पानाचा फोटो काढलेलं, नुसतंच आवाजात पाठवलेलं. त्यातले चौदा निवडले, प्रत्येकाला पाच मिनिटं. वेळ दोहाची संध्याकाळी सहा. म्हणजे भारतात साडेआठ, जेवणं आटोपून बसायची वेळ, आणि न्यू जर्सीत सकाळचे दहा. आमचा आठ वर्षांचा चिरंजीव तांत्रिक प्रमुख झाला. मंडळातल्या ज्येष्ठांना म्यूट करण्याचा अधिकार त्याला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला होता, आणि तो त्यानं अतिशय गांभीर्यानं वापरला.

त्या दिवशी संध्याकाळी हवा छान होती. फेब्रुवारीतला दोहा तुम्हाला माहीतच आहे, एसी बंद, खिडक्या उघड्या. आमच्या गल्लीत मात्र निराळीच लगबग होती. चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवसापासून रमजान, म्हणून सगळ्यांचे कान बातमीकडे. आमचं वाचन सुरू झालं तेव्हा स्क्रीनवर शेहेचाळीस चौकोन होते, नंतर ते शहाऐंशीपर्यंत गेले. एका चौकोनात चार-चार माणसं बसलेली, हे वेगळंच.

पहिली वाचली दोहातच वाढलेल्या अकरावीतल्या मुलीनं. तिचं घर मूळचं रत्नागिरीकडचं, कोकणी मुसलमान. आजीच्या घरची विहीर, तिथलं पोफळीचं झाड आणि दर सुट्टीत आजीचं एकेक इंचानं लहान होत जाणं, असा तिचा ललित लेख होता. घरात त्यांची जी बोली आहे तिच्यातली वाक्यं तिनं आजीच्या तोंडी जशीच्या तशी ठेवली होती. ती वाचत असतानाच चंद्र दिसल्याची बातमी आली. तिच्या मागून आईचा आवाज आला, ‘‘उद्या रोजा!’’ पोरीनं मान वर केली, हसली, आणि पुढचं वाचायला लागली. तिकडे रत्नागिरीतून ऐकणारी आजी लगेच म्हणाली, ‘‘आमचा अजून नाय.’’ भारतात रमजान एक दिवस उशिरा सुरू झाला. अंतर म्हणजे काय, हे त्या दोन वाक्यांत सगळ्यांना कळलं.

न्यू जर्सीच्या बारा वर्षांच्या मुलानं स्वतः लिहिलेली गोष्ट वाचली. त्याला देवनागरी येत नाही, त्यानं मराठी इंग्रजी अक्षरांत लिहून आणलं होतं. ‘ळ’ आला की तो थांबायचा, एक श्वास घ्यायचा आणि मग बरोब्बर ‘ळ’ म्हणायचा. गोष्टीत ‘केळं’ सात वेळा होतं. सातव्या केळ्याला चॅटमध्ये टाळ्यांचा पाऊस पडला.

मग मंगळवेढ्याहून एक निवृत्त एसटी कंडक्टर काका आले, आपल्या एका सभासदाचे मामा. हाती एकतारी आणि चिपळ्या. काका भारूड म्हणणार होते. स्वतः रचलेलं, नाथांच्या चालीवर, विषय एसटीतली सुटी नाण्यांची भांडणं. त्यांनी सुरुवात केली आणि आम्हाला दिसलं ते असं : काका डोलतायत, चिपळ्या हलतायत, आणि आवाज फक्त त्यांचा. चिपळ्या गायब. एकतारी मधूनच टुंग करायची आणि बुडायची. मुलगा माझ्या कानाशी पुटपुटला, ‘‘आई, झूमला तो नॉइज वाटतोय.’’ झूममध्ये आजूबाजूचा गोंगाट गाळून टाकायची सोय असते. पंख्याची घरघर, रस्त्यावरचा हॉर्न, कुत्र्याचं भुंकणं ती आपोआप काढून टाकते, आणि माणसाच्या बोलण्याव्यतिरिक्त जे काही असेल ते सगळं तिच्या लेखी गोंगाटच. सातशे वर्षं वारीत वाजणाऱ्या चिपळ्यासुद्धा. त्यावर उपाय आहे. ‘ओरिजिनल साउंड’ नावाचा एक पर्याय असतो, तो वाचणाऱ्यानं स्वतःच्या बाजूनं चालू करायचा असतो. मुलानं काकांना फोनवरून पायरीपायरीनं सांगितलं, ‘‘आजोबा, वर बघा, डावीकडे’’ असं करत करत तो चालू झाला, आणि एकदम चिपळ्या अशा वाजल्या की आमच्या खोलीत कुणीतरी दार वाजवलं असं वाटलं. काकांनी पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. पाच मिनिटांची बारा झाली, पण कुणी घड्याळ पाहिलं नाही.

त्यानंतर तो आला, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितेय.

तो बीड जिल्ह्यातला, आष्टीकडचा. वय चोवीस-पंचवीस. इंडस्ट्रियल एरियात राहतो, एसी दुरुस्तीच्या गाडीवर काम करतो. आई-वडील ऊसतोडीला जातात. त्याची कविता वहीच्या पानावर लिहून, फोटो काढून आली होती. अक्षर मोठं, गोल, दहावीपर्यंत नीट गिरवलेलं. मूळ कविता अशी होती :

मपल्या मायनं उचल घेतली
मुकादमाकून, लगीन व्हतं बहिणीचं.
सा म्हैने कोयता चालला
उचल काई फिटली न्हाई.
मंग म्या बी घेतली उचल
इमानाच्या तिकिटाची.
कोपी तीच हाय माय,
फकस्त हितं एसी हाय.

मी वाचली, मला आवडली, आणि लगेच मी तिला दुरुस्त करायला बसले. विश्वास ठेवा, वाईट हेतूनं नाही. मला वाटलं, ऐकणाऱ्यांत अमेरिकेतली मुलं आहेत, मुंबई-पुण्याचे लोक आहेत, त्यांना ‘मपल्या’ कसं कळणार? ‘कोपी’ तर मलाही कळलं नाही. त्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, ‘‘ताई, ऊसतोडीवर ऱ्हातो ना आमी, ती. पाचटाची, बांबूची.’’ मग मी ‘झोपडी’ केलं. ‘मपल्या मायनं’चं ‘माझ्या आईने’ झालं. ‘उचल’ कानाला कशीतरीच लागली, म्हणून पहिल्या ठिकाणी ‘आगाऊ रक्कम’ घातलं. दुसऱ्या ठिकाणी विमानाच्या तिकिटाशी ‘आगाऊ रक्कम’ जमेना, तिथे ‘कर्ज’ केलं. सगळं नीट टाइप केलं, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि त्याला पाठवलं. फोनवर त्यानं आधी स्वतःचं म्हणून दाखवलं होतं, मग माझं वाचून दाखवलं. फोन स्पीकरवर होता, सासूबाई शेजारी मेथी निवडत होत्या. मी म्हटलं, ‘‘बघ, आता कसं सगळ्यांना कळेल.’’ तो म्हणाला, ‘‘तुमी म्हणताल तसं, ताई.’’

कार्यक्रमात त्यानं ते तसंच वाचलं. खोलीत गर्दी होती म्हणून तो जिन्यात बसला होता, मागे पिवळा दिवा, वर-खाली जाणाऱ्यांचे पाय दिसत होते. पांढरा शर्ट इस्त्री करून घातलेला. एकही शब्द न अडखळता, शाळेत धडा वाचतात तसं त्यानं वाचलं. ‘झोपडी तीच आहे आई, फक्त येथे एसी आहे.’ चॅटमध्ये ‘छान’, ‘सुंदर’, ‘वा’ आले, हात जोडलेली चित्रं आली. मी म्हटलं, ‘‘फार हृदयस्पर्शी.’’ आणि पुढच्या वाचकाचं नाव घेतलं. दूरवर इशाची अजान सुरू झाली, मी माझा माइक बंद केला, आणि पाण्याचा ग्लास घ्यायला स्वयंपाकघरात गेले.

तिथे सासूबाई मोबाइलवर कार्यक्रम ऐकत होत्या. त्या माण तालुक्यातल्या, दरवर्षी थंडीत तीन महिने आमच्याकडे येतात. मला म्हणाल्या, ‘‘अगं, त्या पोरानं आज कुणाचं वाचलं?’’

‘‘कुणाचं म्हणजे? त्याचंच की.’’

‘‘न्हाई गं. त्यादिवशी फोनवर म्हणत हुता, ती निराळी हुती. त्यात उचल हुती दोनदा.’’

मी ग्लास तसाच ठेवला.

दोनदा! कविता होती ती त्या ‘दोनदा’मध्ये. आईनं घेतलेली उचल आणि मुलानं घेतलेली उचल एकच आहे, एवढंच त्याला सांगायचं होतं. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते : ऊस तोडायला निघण्याआधी मुकादम मजुरांना जी रक्कम देतो ती उचल. घरातलं लग्न, आजारपण, पावसाळ्यातलं खाणं त्यातून निघतं, आणि मग सगळा हंगाम ती फेडण्यात जातो. फिटली नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाकडे. नवरा-बायको मिळून तोडतात, त्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. माणसांची गणती अवजारानं. आपल्या ओळखीचे कितीजण इथे व्हिसासाठी, तिकिटासाठी गावाकडे पैसे उचलून आलेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या मुलाला ती दोन टोकं एका शब्दात सापडली होती. मी त्या शब्दाचे दोन शब्द केले, आणि दोन्ही टोकं सुटली. आगाऊ रक्कम बँकेच्या फॉर्मवर असते, कर्ज कुणीही काढतं.

आणि यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट अजून सांगायचीच आहे. मी कोल्हापूर जिल्ह्यातली. दसरा-दिवाळी झाली की बीड, नगर, जालन्याकडच्या टोळ्या आमच्याच शिवारात उतरायच्या. शाळेत जाताना एसटीच्या खिडकीतून मी त्यांची पाचटाची घरं बघत होते, रस्त्याच्या कडेला ओळीनं. पहाटे उसाच्या गाड्या, गाडीवर झोपलेलं पोर. एवढी वर्षं पाहिलं, पण त्या घराला ते काय म्हणतात हे मी कधी विचारलं नाही. ‘कोपी’ हा शब्द मला कतारमध्ये, फोनवर, बीडच्या मुलाकडून कळला आणि कळल्या कळल्या मी तो खोडला.

मी वर्गात बहिणाबाई शिकवल्यात. खानदेशातल्या, लेवा गणबोलीत बोलणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाई. १९५१ साली त्या गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी वहीत उतरून ठेवलेली होती, ती अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ साली पुस्तकरूपानं आली, त्याच बोलीत. ते कुणी पुणेरी मराठीत उतरवलं असतं तर आज आपल्याकडे काय उरलं असतं? आणि मी काय करायचे, तर कविता शिकवून झाली की फळ्यावर प्रश्न लिहायचे : ‘खालील शब्दांची प्रमाण भाषेतील रूपे लिहा.’ दोन गुण. सहा वर्षं तो प्रश्न घातला की हाताला सवय लागते. समोर बोलीतला शब्द आला की हात आपोआप प्रमाण रूप लिहून मोकळा होतो. झूमला चिपळ्या जशा गोंगाट वाटल्या, तसंच. फरक एवढाच की झूमला निदान बटण आहे.

सासूबाईंच्या पिढीतल्या बायका जात्यावर ओव्या म्हणायच्या. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मी सासूबाईंना त्या लावून दिल्या होत्या. त्या ऐकताना प्रत्येक गावचा उच्चार त्यांना ओळखू येतो, ‘‘ही मावळातली, ही आमच्याकडची वाटतीया.’’ ज्यांनी गोळा केल्या त्यांनी जशा गायल्या तशाच ठेवल्या, म्हणून ती ओळख राहिली. मी तेव्हा कौतुकानं मान डोलावली होती. मान डोलावणं सोपं असतं.

साडेसातला संपायचा कार्यक्रम आठला संपला. आभार झाले, पसायदान झालं (प्रत्येकाचं वेगळ्या लयीत, ऑनलाइन एकत्र गाता येत नाही हे आपण २०२०च्या आरतीपासून जाणतो). लोक निघाले, पण काहीजण रेंगाळतातच. हॉल असता तर खुर्च्या उचलताना बोलत राहिले असते, तसे अकराजण स्क्रीनवर राहिले. तोही होता. जिन्यातच.

मी म्हटलं, ‘‘एक मिनिट थांबा सगळे. मला एक सांगायचंय.’’ आणि जे झालं ते सांगितलं. त्याची कविता मी कशी बदलली, कुठला शब्द काढला, का काढला. मग त्याला विचारलं, ‘‘तुझी वाचशील का? तुझी, तुझ्या वहीतली?’’

तो गप्प. मला वाटलं, आवाज गेला. कुणीतरी म्हणालंसुद्धा, ‘‘आवाज येतोय का?’’ मग तो म्हणाला, ‘‘वही वर हाय ताई, खोलीत. पण पाठ हाय.’’

त्यानं म्हटली. वाचली नाही, म्हटली. आधीचं शाळेतलं वाचन कुठल्या कुठे गेलं. पहिल्या ‘उचल’वर तो थांबला, दुसऱ्या ‘उचल’वर त्याचा आवाज खाली गेला, आणि ‘कोपी तीच हाय माय’ म्हणताना तो थोडासा हसला. शेवटच्या ओळीला मंगळवेढ्याचे काका खदखदून हसले आणि लगेच ‘‘आरारारा...’’ म्हणून त्यांनी डोळे पुसले. चिपळीचा एकच ठोका दिला. ओरिजिनल साउंड अजून चालूच होता.

रत्नागिरीच्या मुलीनं विचारलं, ‘‘दादा, मपल्या म्हणजे?’’ त्यानं सांगितलं. एवढंच! माझी सगळी भीती होती ती या एका प्रश्नाची, आणि त्याचं उत्तर द्यायला त्याला चार सेकंद लागले. न्यू जर्सीच्या मुलाची आई म्हणाली, ‘‘त्याला सगळं कळलं नाही, पण तो म्हणतोय, पुन्हा म्हणा.’’ विंदा, बापट आणि पाडगावकर गावोगावी काव्यवाचनं करत फिरायचे तेव्हा समोरून म्हणे अशीच ‘पुन्हा’ची मागणी यायची. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ते पुष्कळ ऐकलंय. झूमवर ‘पुन्हा’ ऐकायला येईल असं वाटलं नव्हतं. तोही लाजत लाजत पुन्हा म्हणाला. या वेळी वर जाणारे दोन पाय जिन्यात थांबलेले दिसले आणि गाणं संपेपर्यंत थांबूनच राहिले.

पुढच्या आठवड्यात मी त्याला फोन केला. माफी नीट, एकटीनं मागायची राहिली होती. ‘‘तू तेव्हाच का नाही सांगितलंस मला, की शब्द बदलू नका?’’

‘‘तुमी मॅडम ना ताई,’’ तो म्हणाला. ‘‘आमाला वाटलं, आमचंच चुकलं आसंल.’’

या वाक्यावर मला काही बोलता आलं नाही. एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून कितीजणांनी माझ्याबाबत असंच म्हटलं असेल, याचा हिशेब मी अजून मांडलेला नाही.

मग विषय बदलायला म्हणून विचारलं, आईला ऐकवलीस का? आई-वडील तेव्हा फडातच होते, गाळप संपत आलेलं. त्यानं रेकॉर्डिंग पाठवलं होतं, आईनं रात्री कोपीत बसून ऐकलं.

‘‘काय म्हणाली मग?’’

‘‘म्हणली, येसी कशाला लावतो रं एवढा, सर्दी व्हईल.’’

मंडळी, पुढच्या फेब्रुवारीतही आपण हे वाचन ठेवणार आहोत, ऑनलाइनच. समितीनं मलाच पुन्हा जबाबदारी दिली आहे, आणि मी या वेळी काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. वाद्य असेल त्यानं आदल्या दिवशी ओरिजिनल साउंड लावून बघायचा. मदतीला आमचे तांत्रिक प्रमुख आहेतच, आता ते नऊ वर्षांचे होतील. चौदाऐवजी दहाच वाचक घ्यायचे, आणि शेवटची अर्धी वेळ मोकळी ठेवायची, कारण खरं वाचन खुर्च्या उचलताना होतं. तुम्ही जे पाठवाल ते तुमच्या घरी बोलता त्या मराठीत पाठवा. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो. एखादा शब्द मला कळला नाही तर मी फोन करून विचारीन, आणि कळला की तिथेच थांबेन. लाल पेन मी मुलाला चित्रं रंगवायला दिलंय.

त्या मुलाची कविता याच अंकात आहे. संपादकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की एक कानामात्राही हलवायची नाही, आणि खाली शब्दार्थही द्यायचे नाहीत. ज्यांना अडेल त्यांनी आपल्या आईला विचारावं, नाहीतर मंडळात भेटेल तेव्हा त्यालाच. तो आता दर कार्यक्रमाला येतो. बसची वेळ जमत नाही तेव्हा आमच्यापैकी कुणीतरी गाडीनं त्याला आणतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आपल्याकडे करंज्या तळून झाल्या असतील. तिकडे आष्टीच्या वाटेवर टोळ्यांच्या गाड्या भरायला लागल्या असतील, भांडी, गोधड्या, शेळी, पोरं, सगळं एका गाडीत. दिवाळीचा दिवा लावताना एक क्षण त्यांच्यासाठीही थांबू या. आणि घरी फोन कराल तेव्हा ‘आवाज येतोय का’ एवढंच विचारून थांबू नका. पलीकडचं माणूस जसं बोलतंय तसं जरा वेळ ऐका.

शुभ दीपावली! कढीपत्त्याची चौकशी चालू ठेवा.